मायना हरवलेली पत्रे

शाळेत असताना पत्रलेखनात मायना चुकला की मार्क गेलाच म्हणून समजावे. वडीलधाऱ्यांना 'सा. न. वि. वि.', बरोबरीच्यांना 'स. न. वि. वि.', धाकट्यांना 'अनेक आशीर्वाद' आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा'. चार ओळींच्या मजकुराला एवढा सरंजाम कशाला, असे तेव्हा वाटे. त्याचे उत्तर मिळायला ई-मेल यावा लागला.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे काही वर्षांनी आम्हा वर्गमित्रांचा ई-मेलवर एक गट जमला. एकाने लिहिले की ते सगळ्यांना पोचे. स्नेहमेळाव्याची तारीख ठरत असताना एका मित्राने लिहिले, आई आजारी आहे, तारीख पुढे नेता येईल का? लगेच दुसऱ्याचे उत्तर आले, 'तुझ्या एकट्यासाठी तीस जणांनी थांबायचे की काय?' हा गडी शाळेपासूनच थट्टेखोर. समोर असता तर पाठीवर थाप मारत हेच म्हणाला असता आणि दोघेही हसले असते. पण थाप काही तारेतून जात नाही. पहिल्याने सर्वांदेखत जळजळीत उत्तर दिले. मग बाजू घेणारे पुढे आले, जुनी उणीदुणी निघाली. मेळावा ठरल्या तारखेला झाला. तो मित्र आला नाही.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ साली संगणकावरच्या सूचनाफलकावर कुणीतरी गमतीने लिहिले, की प्रयोगामुळे लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींना ते खरेच वाटले! तेव्हा स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी १९ सप्टेंबरला सुचवले, की थट्टेच्या मजकुरापुढे विसर्ग, आडवी रेघ आणि कंस अशी खूण करावी. मान वाकडी करून पाहिले की हसरा चेहरा दिसतो. लिहिताना हरवलेले हसू विरामचिन्हांतून परत आणण्याची ही धडपड होती.

पुढे ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅली हॅम्ब्रिज यांनी इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक नियमावलीच सिद्ध केली. तिच्यातला उपदेश आपल्या आजीच्या तोंडी शोभावा असा आहे. चर्चेच्या गटात आल्या आल्या बोलू नका, महिना-दोन महिने नुसते वाचा. राग आला तर उत्तर रात्रभर थांबवून मग पाठवा. एकाशीच मतभेद असेल तर चारचौघांत न भांडता त्यालाच वेगळे लिहा. स्वतः लिहिताना जपून लिहा, दुसऱ्याचे वाचताना मन मोठे ठेवा.

गंमत अशी, की पुढे या नियमांवरूनच भांडणे जुंपू लागली. उत्तर आधीच्या मजकुराच्या वर लिहावे की खाली? नुसते 'आभार' म्हणायला शंभर जणांना पत्र पाठवावे का? चुकणाऱ्याला सर्वांसमोर नियम दाखवणारा स्वतःच सौजन्य विसरलेला असे. नियम हातातली काठी झाला की शिष्टाचार उरत नाही.

आपल्या मायन्याचे मर्म मला इथे उमगले. 'सप्रेम नमस्कार' म्हणजे पुढचे शब्द कोणत्या भावनेने वाचावेत, याची आधीच दिलेली ग्वाही. 'लोभ असावा' म्हणजे काही बोचले असेल तर पोटात घाला, ही विनंती. आज व्हॉट्सअॅपवर घरोघरचे, सोसायट्यांचे गट आहेत, हसऱ्या चेहऱ्यांचा तर सुकाळ आहे. तरीही 'बरं' एवढ्या एका शब्दावरून नणंदा-भावजयांत अबोला धरला जातो.

वर्षभराने त्या मित्राची आई गेली. जावे की न जावे, याचा थट्टेखोर गडी चार दिवस विचार करत राहिला. मग गेला. दारात उभा राहून त्याला एवढेच म्हणता आले, 'अरे, मी गंमत केली होती रे.' मित्राने त्याला हाताला धरून आत नेले.

एवढे एक वाक्य पोचायला वर्ष लागले. उत्तर पाठवण्याआधी एक रात्र थांबणे त्यापेक्षा नक्कीच सोपे आहे.