तांब्याचा रंग कोणता?

स्टीलचा तांब्या खिडकीजवळ ठेवा आणि दोन मिनिटं नीट न्याहाळा. त्याचा रंग कोणता? चटकन ‘चंदेरी’ म्हणाल. पण पोटावर दिसतो तो खिडकीचा वाकलेला पांढरा पट्टा, शेजारी कपाटाची काळपट रेघ, खाली ओट्याची छटा आणि मधोमध ताणलेला आपलाच चेहरा. तांब्याच्या अंगावर सगळी खोलीच उमटलेली असते.

संगणकावर वस्तूचं हुबेहूब चित्र बनवणं, म्हणजे रेंडरिंग, शिकणारे नेमके इथे अडतात. मापं अचूक असतात, घाट सुबक असतो, तरी तांब्या खोटा वाटतो. त्याच्याभोवती खोलीच नसते, मग स्टील दाखवणार काय? १९९८ मध्ये पॉल डेबेव्हेक यांनी यावर सुरेख वाट दाखवली. खऱ्या जागी आरशासारखा चकचकीत गोळा ठेवायचा, कमीजास्त एक्स्पोजरचे फोटो काढायचे आणि त्यातून टिपलेल्या प्रकाशानेच संगणकातली वस्तू उजळायची. आज ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अशा ‘एचडीआरआय’ चित्रांनी कोणालाही हे करता येतं.

भोवताल मिळाला की कडांकडे वळा. संगणकातली कड गणिती असते, तिला जाडीच नसते. खऱ्या वस्तूची कड कितीही धारदार वाटली तरी किंचित गोलसर असते आणि त्या गोलाईवर उजेडाची बारीक रेघ चमकते. म्हणून कडेला अर्ध्या मिलिमीटरची गोलाई, म्हणजेच ‘बेव्हल’, दिली तरी चित्रात जीव येतो.

मग पृष्ठभाग. रोज घासलेल्या तांब्यावर गोलाकार बारीक चरे असतात. त्यांच्यामुळे चकाकी एका ठिपक्यात न राहता चऱ्यांना काटकोनात, उभी पसरते. बोटांचे ठसेही रंगात काढायचे नसतात. ठशाने स्टीलचा रंग बदलत नाही, चमक मंदावते. म्हणून ते मटेरियलच्या ‘रफनेस’मध्ये, म्हणजे खरखरीतपणाच्या मापात, उमटवायचे.

काच, प्लॅस्टिक, पाणी यांची रीत निराळी. पॉलिश केलेल्या फरशीवर उभे राहा. पायाशी प्रतिबिंब फिकट दिसतं, दूरवर मात्र दार लख्ख दिसतं. एकोणिसाव्या शतकात ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी याचं गणित मांडलं. काचेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परततो, पण अगदी तिरका पडला तर जवळजवळ सगळा. काचेच्या पेल्याच्या कडा उजळ दिसतात त्याचं हे एक मोठं कारण.

हे सगळं एका समीकरणात गुंफलं जेम्स काजिया यांनी, १९८६ मध्ये. वस्तूच्या प्रत्येक बिंदूवर सर्व दिशांनी येणाऱ्या प्रकाशाचा हिशोब त्यात आहे. तो पूर्ण मांडणं अशक्य, म्हणून संगणक प्रकाशाच्या वाटा नमुन्यादाखल तपासतो. नमुने कमी पडले की चित्रावर रवाळ दाणे दिसतात, आणि ते निम्मे करायचे तर नमुने चौपट लागतात.

संगणक हा हिशोब कितीही वेळ करत बसेल. पण चरे कुठल्या दिशेने जातात, ठसा कुठे पडतो, खिडकी पोटावर किती वाकते, हे त्याला आपणच सांगायचं असतं. त्यासाठी शिकताना खरा तांब्या स्क्रीनशेजारी ठेवावा, न घासता.