गिटार विकताय? आधी वाजवू द्या!

मुलं शिक्षणासाठी बाहेरगावी गेली की कपाटावर त्यांची गिटार उरते. विकायला मन धजत नाही. पण मैत्रिणींनो, वाद्य नुसतं ठेवूनही खराब होतं! पावसाळ्यातल्या दमट हवेने लाकूड फुगतं, तारा गंजतात. स्पीकरला जोडता येणाऱ्या अकूस्टिक गिटारमध्ये बहुतेक वेळा ९ व्होल्टची बॅटरी असते. ती वर्षानुवर्षं आतच राहिली, तर गळून आतले भाग बिघडवते.

विकण्याआधी मुलांना जरूर विचारा, वाद्य त्यांचं आहे. मग नव्या तारा, नवी बॅटरी घाला. चरे, जुनी दुरुस्ती लपवू नका. घेणाऱ्याला वायर जोडून आणि न जोडता, दोन्ही प्रकारे वाजवून पाहू द्या.

आमच्या लेकीच्या गिटारला एका गृहस्थांनी चांगली किंमत सांगितली, पण त्यांना ती दिवाणखान्यात शोभेला टांगायची होती. लेक फोनवर म्हणाली, "आई, शिकणाऱ्या कुणाला तरी दे गं. पैसे कमी आले तरी चालतील." शेवटी वस्तीतल्या अभ्यासवर्गात येणाऱ्या मुलीनं ती तीन हप्त्यांत घेतली. फुकट नको म्हणाली! स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू माणूस जास्त जपतो. वाद्याचा भाव ठरवताना ते वाजत राहील का, हाही हिशेब मांडायला हवा, नाही का?