ज्येष्ठतेची रांग आणि पायाखालची वाट

आलापल्लीहून भामरागडला जाणारा रस्ता साधारण पासष्ट किलोमीटरचा. नकाशावर ती एक रेघ असते. या रस्त्यावर अनेक पावसाळे एसटी चालवलेल्या चालकाला मात्र रेघ दिसत नाही. कोणत्या रपट्यावर पाणी आधी चढते, कोणत्या वळणावर तिन्हीसांजेला गुरे बसलेली असतात, बाजाराच्या दिवशी कोठे हात दाखवणारे उभे असतील, हे त्याला दिसते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क कित्येक पावसाळ्यांत तुटलेला आहे. आज पलीकडे पोचू की अलीकडेच मुक्काम करावा लागेल, हा अंदाज तो वेळापत्रक पाहून करीत नाही.

शाळाशाळांत पोषण आहाराचा तांदूळ पोचवणारा गाडीवाला, टपाल वाटणारा डाकसेवक, यांचेही असेच. आणि शिक्षकाचे? त्याची वाट रस्त्यावरून जात नाही एवढेच. मोहाच्या दिवसांत पहाटे कोणती मुले फुले वेचायला जातात, तेंदूपानांच्या हंगामात कोणते घर कुलूपबंद असते, कोणत्या मुलीला फळ्यावरचे दिसत नाही पण ती सांगत नाही, हे सारे त्याच्या पायाखालचे झालेले असते. हे ज्ञान कोणत्याही सेवापुस्तकात नोंदले जात नाही. आणि बदली झाली की ते बरोबर नेताही येत नाही.

असे ज्ञान डोक्यात कसे साठते, याचा शोध जुना आहे. एडवर्ड टोलमन या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे मांडले की प्राणी केवळ ‘डावीकडे वळ, उजवीकडे वळ’ असे पाठ करीत नाही. तो मनात परिसराचा नकाशा तयार करतो, आणि नेहमीची वाट बंद झाली तर त्या नकाशावरून दुसरी काढतो. पुढे २००० साली एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूंचे आलेख पाहिले. या चालकांना परवान्यासाठी शहरातील सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात, आणि त्यात तीन-चार वर्षे सहज जातात. त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आढळला. याच गटाने २००६ मध्ये लंडनच्या बसचालकांशी तुलना केली. तेही दिवसभर गाडीच चालवतात, पण ठरलेल्या मार्गावर. त्यांच्यात हा फरक दिसला नाही. म्हणजे मेंदूवर ठसा उमटतो तो नुसत्या किलोमीटरांचा नव्हे. (आपल्या जंगलातील एसटीचालक या दोहोंपैकी कोणत्या गटात बसेल, हा प्रश्न आम्हाला अनेकदा पडतो. मार्ग ठरलेला, पण रस्ता दर महिन्याला वेगळा!)

आता या ज्ञानाचा मालक कोण? चालक, की ज्याने त्याला मार्ग दिला तो? अमेरिकेत पार्सल पोचवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत आणि तेथील टपाल खात्यात हा प्रश्न ज्येष्ठतेने सोडवतात. एखादा मार्ग मोकळा झाला की त्याची सूचना लागते. इच्छुक आपली नावे देतात, आणि ज्याची नोकरी सर्वांत जुनी त्याला तो मार्ग मिळतो. काही ठिकाणी ठराविक काळाने सगळेच मार्ग पुन्हा मागणीसाठी खुले होतात. अशा वेळी पाच वर्षे एकाच वस्तीत फिरलेल्या कनिष्ठ चालकाचा मार्ग एखादा ज्येष्ठ मागतो, आणि हा बाहेर पडतो. कोणत्या फाटकामागे कुत्रा आहे, कोणती आजी दुपारी दार उघडत नाही, हे नव्याला पहिल्यापासून शिकावे लागते.

ही पद्धत वेडगळ नाही. ती कामगार संघटनांनी भांडून मिळवली आहे. तेथील रेल्वे कामगारांनी एकोणिसाव्या शतकातच तिचा आग्रह धरला, कारण त्याआधी चांगले काम कोणाला द्यायचे हे मुकादमाच्या मर्जीवर चाले. नोकरीची तारीख मात्र कोणाच्या मर्जीने बदलत नाही.

आमच्या वाचकांना यातले काहीच परके वाटणार नाही. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या पूर्वी समुपदेशनाने होत. सभागृहात ज्येष्ठतेनुसार नावे पुकारली जात आणि समोरच्या यादीतून गाव निवडायचे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने हे काम संगणकाकडे गेले. शाळांचे ‘अवघड’ आणि ‘सर्वसाधारण’ असे दोन भाग झाले. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेला शिक्षक ‘बदली अधिकारप्राप्त’ ठरला. सर्वसाधारण क्षेत्रात दहा वर्षे सेवा झालेला ‘बदलीपात्र’. प्रत्येकाने वीस शाळांचा पसंतीक्रम भरायचा. दुर्धर आजार, अपंगत्व अशा कारणांनी विशेष संवर्गात असलेले आधी, मग पती-पत्नी एकत्रीकरण, मग अधिकारप्राप्त, मग बदलीपात्र, आणि प्रत्येक गटात सेवाज्येष्ठता. अधिकारप्राप्ताला बदलीपात्राची जागा मागता येत असे. ती त्याला मिळाली की जागेवरच्या शिक्षकाने उठायचे.

या प्रकाराला शिक्षकांनीच नाव दिले ‘खो’. शब्द अगदी चपखल आहे. खो-खोत पाठलाग करणारा बसलेल्या गड्याला खो देतो, त्याच्या जागी स्वतः बसतो, आणि बसलेला उठून पळू लागतो. ज्यांना पसंतीच्या यादीतले काहीच मिळाले नाही त्यांनाही एक नाव पडले: ‘विस्थापित’. धरणांमुळे आणि खाणींमुळे हा शब्द ऐकलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तो शिक्षकांच्या तोंडी ऐकताना आम्ही थोडे थबकलो होतो.

या रांगेचे गणित आता पाहू. समजा चार शिक्षक आहेत आणि ज्येष्ठतेने त्यांचा क्रम अ, ब, क, ड असा आहे. अ भामरागडला, ब आरमोरीला, क चामोर्शीला आणि ड कुरखेड्याला आहे. (गावांची नावे केवळ सोयीसाठी.) अ ला आधी चामोर्शी, मग आरमोरी, मग कुरखेडा हवे आहे. ब ला कुरखेडा हवे, नाहीतर आहे ते आरमोरी बरे. क ला आपले चामोर्शीच हवे, नाहीतर आरमोरी. ड ला आरमोरी, नाहीतर आपले कुरखेडा. भामरागड सर्वांच्या यादीत शेवटी.

रांगेने जाऊ. अ ने चामोर्शी घेतले. ब ने कुरखेडा घेतले. क ची पहिली पसंती गेली, त्याने आरमोरी घेतले. ड साठी उरले भामरागड. क ची माहितीची शाळा गेली. ड ची तर शाळाही गेली आणि तालुकाही.

तरीही या पद्धतीचे दोन गुण गणिताने सिद्ध करता येतात. एक, खोटी पसंती भरून कोणाचाही फायदा होत नाही. आपली पाळी येते तेव्हा उरलेल्यातले सर्वांत आवडते घेणे, याहून चांगली युक्ती नाही. दोन, वाटप झाल्यावर अशी एकही अदलाबदल उरत नाही की जिच्यात कोणाचेही नुकसान न होता कोणाचा तरी फायदा होईल. वरच्या उदाहरणात शोधून पाहा, सापडणार नाही. म्हणून ‘संगणकाने घोळ केला’ ही तक्रार बहुतेक वेळा चुकीची असते. संगणक सांगितलेले काम चोख करतो. त्याला सांगितलेलेच नसते ते हे, की क कडे चामोर्शी आधीपासून होती आणि त्या असण्याला काही किंमत आहे.

ही किंमत हिशेबात घेणारी रीत १९९९ साली अतिला अब्दुलकादिरोग्लू आणि तायफून सोन्मेझ या दोन अर्थतज्ज्ञांनी मांडली. त्यांच्यासमोर अमेरिकी महाविद्यालयांतील वसतिगृहांच्या खोल्या होत्या. काही विद्यार्थी आधीपासून खोलीत राहणारे, काही नवे. रीत एका वाक्यात सांगता येते: तू माझी खोली मागितलीस, तर तुझी पाळी आधी मला. म्हणजे रांगेतल्या कोणी व्यापलेली जागा मागितली, तर त्या जागेवरचा माणूस मागणाऱ्याच्या पुढे रांगेत येतो आणि आधी आपली निवड करतो. असे करता करता साखळी फिरून मूळ जागी आली, तर त्या साखळीतील सर्वांची एकदम अदलाबदल करून द्यायची. अदलाबदलीच्या साखळ्यांची कल्पना शॅप्ली आणि स्कार्फ यांच्या १९७४ सालच्या लेखातली. त्यातील लॉइड शॅप्ली यांना २०१२ साली ॲल्विन रॉथ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

आपले चार शिक्षक या रीतीतून नेऊ. अ चामोर्शी मागतो. तेथे क आहे, म्हणून क पुढे येतो. क आपलेच चामोर्शी मागतो आणि तेथेच राहतो. अ आता आरमोरी मागतो. तेथील ब पुढे येतो आणि कुरखेडा मागतो. कुरखेड्याचा ड पुढे येतो, तो आरमोरी मागतो. साखळी पूर्ण झाली. ब कुरखेड्याला, ड आरमोरीला. दोघेही खूश, क जागेवर. या रीतीत कोणीही आपल्या आधीच्या जागेपेक्षा वाईट जागी जात नाही, आणि खोटी पसंती भरण्यातही लाभ नाही.

पण अ चे काय झाले? चामोर्शी गेले, आरमोरी गेले, कुरखेडा गेले. तो भामरागडलाच राहिला. सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत दूर, आणि पहिला नंबर असूनही.

येथे आम्हाला बाजू घेणे अवघड जाते. क च्या शाळेतील मुलांचा विचार केला तर खो हा अन्याय वाटतो. अ च्या म्हाताऱ्या आईवडिलांचा विचार केला तर खो नसणे हा अन्याय वाटतो. २०१७ पूर्वीच्या अनेक वर्षांत सोयीच्या गावी बसलेले बसूनच राहिले आणि लांबच्या शिक्षकाचे अर्ज पडून राहिले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ७ एप्रिल २०२१ च्या सुधारित निर्णयात बदलीपात्र ठरण्यासाठी सध्याच्या शाळेत पाच वर्षे झालेली असावीत अशी अट आली. नुकत्याच आलेल्या शिक्षकाला लगेच उठवू नये, हा तिचा चांगला परिणाम. पण दुसऱ्या बाजूने वाचले तर तीच अट असे म्हणते की गाव पुरते माहीत झाले की तुम्ही उठवण्यायोग्य झालात. अमेरिकी चालकाची वर्षे त्याला मार्ग मिळवून देतात. आपल्याकडील शिक्षकाला मात्र एका गावातील वर्षे त्याच गावातून उठवू शकतात.

आणि भामरागडच्या मुलांचे? त्यांचा शिक्षक खोमुळे जात नाही, तो स्वतःच्या हक्काने जातो. पण नुकसान तेच. तेथील मुलांची घरची भाषा माडिया. ती द्राविड कुळातली, मराठीशी तिचे नाते तेलुगूइतकेच दूरचे. गोंडीत पाण्याला ‘येर’ म्हणतात, हे ठाऊक नसलेला शिक्षक पहिलीच्या वर्गात ‘प पाण्याचा’ कसा शिकवणार? सिरोंच्यात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली. एका जिल्ह्यात बदली झाली तरी भाषा बदलू शकते. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तेथे गेलेल्यांनी पहिल्यांदा काय केले असेल तर माडिया शिकायला घेतली. अशी भाषा कामापुरती यायला दोन वर्षे लागली असे धरले, तर तीन वर्षांच्या मुक्कामात तिचा उपयोग एकच वर्ष. म्हणून ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयातील एकस्तर वेतनश्रेणीसारखे, तेथे राहणाऱ्याला काही जास्त देणारे नियम आम्हाला रांगेच्या कोणत्याही सुधारणेपेक्षा महत्त्वाचे वाटतात. ज्याला राहायचे आहे त्याला रांगेत उभेच राहावे लागू नये.

हे सारे आठवी-नववीच्या वर्गात खेळून पाहता येईल. चार खुर्च्यांवर गावांच्या चिठ्ठ्या लावा, चार मुलांना पसंतीची यादी द्या. आधी साधी रांग, मग ‘तुझी पाळी आधी मला’. मुले दुसऱ्या डावात फार लवकर साखळ्या ओळखू लागतात. त्यानंतर देसाईगंज नावाची पाचवी, रिकामी खुर्ची मांडा. अ च्या यादीत ती भामरागडच्या वर, इतरांच्या यादीत आपल्या सध्याच्या गावाच्या खाली असू द्या, आणि दुसरा डाव पुन्हा खेळा. या वेळी अ देसाईगंजला सुटतो, बाकी कोणालाही उठावे लागत नाही, सगळा वर्ग टाळ्या वाजवतो.

टाळ्या थांबल्या की आता रिकामी खुर्ची कोठे आहे ते विचारा. ती भामरागडला गेलेली असते. बदल्यांच्या नियमांत ‘समानीकरण’ हा शब्द आला तो यासाठीच. रिक्त पदे कोठे तरी राहणारच असतील, तर त्यांचा भार सर्व तालुक्यांवर सारखा पडावा म्हणून सोयीच्या गावांतही काही खुर्च्या मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या. तिसरा डाव त्या नियमाने खेळा. देसाईगंजच्या खुर्चीवर ‘बसू नये’ अशी चिठ्ठी लावा, आणि अ झालेल्या मुलाचा चेहरा पाहा.