न्यूरल नेटवर्क की जुनी सांख्यिकी पद्धत? मान्सूनच्या अंदाजातून समजून घेऊ

हवामान, रोग-किडी आणि उत्पादनाचे अंदाज देणारी अनेक ॲप्स आता ‘एआय आधारित’ असल्याचे सांगतात. या एआयमागे बहुधा न्यूरल नेटवर्क असते. रिग्रेशन आणि वर्गीकरण या जुन्या सांख्यिकी पद्धतींपेक्षा ते वेगळे कसे, कुठे सरस ठरते आणि कुठे तोकडे पडते, हे माहीत असल्यास अशा सल्ल्यावर किती विसंबायचे ते ठरवता येते. पेरणीचा निर्णय चुकला तर दुबार पेरणीचा भुर्दंड शेतकऱ्यालाच सोसावा लागतो, म्हणून हा विषय समजून घेणे गरजेचे आहे.

तीन पद्धती थोडक्यात

१) रिग्रेशन (समाश्रयण) : या पद्धतीत उत्तर आकड्यात मिळते. समजा, एका गावातील जिरायती सोयाबीनचे वीस वर्षांचे एकरी उत्पादन आणि त्या त्या वर्षीचा पाऊस आपल्याकडे लिहून ठेवलेला आहे. आलेख कागदावर वीस ठिपके मांडले आणि त्यांच्या मधून जाणारी रेषा काढली, की पाऊस वाढला तर उत्पादन किती वाढते याचा ढोबळ हिशेब मिळतो. त्यात पेरणीची तारीख, जमिनीची खोली असे आणखी घटक घेता येतात. प्रत्येक घटकाला एक गुणांक मिळतो. कोणत्या घटकाचा परिणाम किती, हे त्या गुणांकावरून वाचता येते. मर्यादा अशी, की सरळ रेषेला वळण माहीत नसते. अतिपावसात शेतात पाणी साचून उत्पादन घटते, हे आपण वेगळे सांगावे लागते.

२) वर्गीकरण : येथे उत्तर गटात मिळते, रोग येईल की नाही, पाऊस कमी, सरासरीइतका की जास्त. ‘७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये’ ही कृषी विभागाची शिफारस म्हणजे वर्गीकरणाचा सर्वांत सोपा नमुना. एक मर्यादा आणि तिच्या दोन बाजूंना दोन गट. लॉजिस्टिक रिग्रेशन, डिस्क्रिमिनंट ॲनालिसिस, निर्णयवृक्ष या पद्धती अशाच सीमारेषा जुन्या नोंदींवरून काढतात.

३) न्यूरल नेटवर्क : यात अनेक छोटी रिग्रेशन समीकरणे थरावर थर रचलेली असतात. एका थराचे उत्तर थोडे वळण देऊन पुढच्या थराला दिले जाते. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील चूक पाहून सर्व गुणांक पुन्हा पुन्हा बदलले जातात. त्यामुळे अतिपावसातील घट यासारखे वळण ते स्वतः शोधू शकते. आकडा आणि गट अशी दोन्ही प्रकारची उत्तरे ते देते. मात्र गुणांकांची संख्या हजारो ते कोट्यवधी असते. म्हणून त्याला शिकण्यासाठी नमुने भरपूर लागतात, आणि अमुक उत्तर का आले हे सहज सांगता येत नाही.

नमुने कमी आणि गुणांक जास्त असतील, तर नेटवर्क नियम शिकण्याऐवजी घोकंपट्टी करते. मागच्या वर्षांची उत्तरे अचूक देते आणि नवीन वर्षी चुकते. हा धोका रिग्रेशनमध्येही असतो. नेटवर्कमध्ये तो अधिक असतो.

पुण्यातील मान्सून अंदाजाचा अनुभव

या पद्धतींची दीर्घ परीक्षा पाहायची असेल तर शिवाजीनगरच्या हवामान विभागाइतके चांगले उदाहरण नाही. या कार्यालयाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण भारतीय हवामान विभागाचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून येथे आले. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, पण मान्सूनचा दीर्घकालीन अंदाज तयार करण्याचे काम पुण्यातच होते.

या अंदाजाची सुरुवात १८८० च्या दशकात हिमालयातील बर्फाच्या निरीक्षणावरून झाली. १९०४ मध्ये हवामान विभागाची सूत्रे हाती घेतलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणितज्ञ. त्यांनी १९०९ पासून रिग्रेशन समीकरणांवर आधारित अंदाज सुरू केला. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने सोळा घटकांचे पॉवर रिग्रेशन मॉडेल वापरात आले. एल निनो, हिमालय व युरेशियातील बर्फ, ठिकठिकाणचे तापमान, हवेचा दाब, वरच्या थरातील वारे अशा घटकांचा त्यात समावेश होता.

१९८९ ते २००१ अशी सलग तेरा वर्षे देशपातळीवर मान्सून सर्वसाधारण राहिला आणि मॉडेलचा सूरही तसाच होता. २००२ मध्ये सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज दिला गेला. प्रत्यक्षात ८१ टक्केच पाऊस झाला. ऐन वाढीच्या जुलै महिन्यात देशात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस पडला.

यातून शिकण्यासारखे दोन मुद्दे आहेत.

• तेरा वर्षे बरोबर येणे हा भक्कम पुरावा वाटतो. पण त्या काळात कोणी दरवर्षी डोळे झाकून ‘पाऊस सर्वसाधारण’ असे म्हटले असते, तर त्याचेही तेरा वेळा बरोबर आले असते. एखादी पद्धत उपयोगी आहे की नाही, हे वेगळ्या, कठीण वर्षी कळते.

• पावसाचा एखाद्या घटकाशी असलेला संबंध कायम राहत नाही. काही दशके घट्ट असलेला संबंध पुढे सैल पडतो. जुन्या नोंदींवर शिकलेल्या कोणत्याही मॉडेलला हे लागू आहे, मग ते रिग्रेशन असो वा न्यूरल नेटवर्क.

त्यानंतर २००३ मध्ये संबंध सैल झालेले घटक वगळून आठ आणि दहा घटकांची नवी मॉडेल आली. सोबत पाऊस कोणत्या गटात जाईल याची शक्यता सांगण्यासाठी डिस्क्रिमिनंट ॲनालिसिस, म्हणजे वर्गीकरणाची पद्धत, घेण्यात आली. तरीही २००४ मध्ये सरासरीइतक्या पावसाचा अंदाज असताना देशात दहा टक्क्यांहून अधिक तूट आली. २००७ पासून घटकांची संख्या आणखी कमी झाली. एप्रिलच्या अंदाजासाठी पाच आणि जूनच्या अंदाजासाठी सहा. एकाच समीकरणावर न विसंबता अनेक समीकरणांची सरासरी घेण्यात येऊ लागली. त्यात साधे रिग्रेशन होते आणि ‘प्रोजेक्शन पर्सूट रिग्रेशन’ही होते. ही दुसरी पद्धत वळणे शोधणारी, न्यूरल नेटवर्कच्या जवळची आहे.

२०२१ पासून समुद्र आणि वातावरण यांचे भौतिकशास्त्र एकत्र सोडवणाऱ्या अनेक मॉडेलांचा समूह वापरला जातो. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेले मॉडेलही त्यात आहे.

वर्षाला एकच नमुना

हंगामाच्या एकूण पावसासाठी सरळ मोठे न्यूरल नेटवर्क का वापरत नाहीत? कारण साध्या हिशेबात आहे. हंगामी पावसाच्या दृष्टीने एक वर्ष म्हणजे एक नमुना. शंभर वर्षांच्या नोंदी म्हणजे फक्त शंभर नमुने.

सोळा घटक आणि मध्ये आठ गाठींचा एकच थर असलेले अगदी लहान नेटवर्क घेतले, तरी त्यात १४५ गुणांक ठरवावे लागतात. शंभर नमुन्यांवरून १४५ आकडे ठरवायचे म्हणजे घोकंपट्टीला आमंत्रणच. पाच घटकांच्या साध्या रिग्रेशनला सहाच आकडे लागतात. नमुने थोडे असताना साधी पद्धत टिकते, ती यामुळे.

रोजच्या हवामानाची गोष्ट वेगळी आहे. दर सहा तासांची एक नोंद धरली तरी चाळीस वर्षांत ५८ हजारांहून अधिक नोंदी होतात, आणि प्रत्येक नोंदीत पृथ्वीवरील हजारो ठिकाणांची माहिती असते. येथे नेटवर्कला शिकायला भरपूर मिळते. त्यामुळेच पुढील काही दिवसांच्या हवामान अंदाजात न्यूरल नेटवर्कने अलीकडे मोठी मजल मारली आहे.

२०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने याचा वापर केला. गुगलचे न्यूरल-जीसीएम, युरोपीय हवामान केंद्राचे एआयएफएस आणि हवामान विभागाच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी एकत्र करून मान्सून स्थानिक पातळीवर केव्हा पोहोचेल याचा अंदाज काढण्यात आला. तो १३ राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना एम-किसानवरून एसएमएसने पाठवला गेला. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईपर्यंत आला, पण नंतर त्याची वाटचाल अडीच-तीन आठवडे थबकली. मेअखेरच्या पावसावर पेरणी उरकण्याचा मोह होण्यासारखीच ती स्थिती होती. या उपक्रमात नेटवर्कने जुन्या नोंदींना बाजूला सारले नाही; दोन्ही एकत्र वापरले गेले, हे लक्षात घ्यावे.

फोटोवरून रोग ओळखणे

पानाच्या फोटोवरून रोग ओळखण्याच्या कामात न्यूरल नेटवर्क जुन्या पद्धतींच्या बरेच पुढे आहे. फोटोत लाखो ठिपके असतात. डागाची कडा, रंग, वलये यांतील कोणते लक्षण मोजायचे हे रिग्रेशनला आपण सांगावे लागते. नेटवर्क ते स्वतः शोधते.

पण येथेही खबरदारी हवी. ‘प्लांटव्हिलेज’ या संग्रहातील १४ पिके व २६ रोगांच्या ५४ हजारांहून अधिक फोटोंवर शिकवलेल्या नेटवर्कचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच संग्रहातील बाजूला ठेवलेल्या फोटोंवर अचूकता ९९ टक्क्यांच्या वर होती. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती सुमारे ३१ टक्क्यांवर आली. संग्रहातील फोटो एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवलेल्या सुट्या पानांचे होते. शेतातील फोटोत सावली, धूळ, फवारणीचे डाग, शेजारची पाने असे सगळेच येते.

म्हणून ॲपने सांगितलेले रोगाचे नाव ही पहिली शंका समजावी. फवारणीपूर्वी पानाची खालची बाजू, खोड व मुळे स्वतः पाहावीत. पिवळेपणा रोगामुळे आहे, अन्नद्रव्याच्या कमतरतेमुळे की पाणी साचल्यामुळे, याची खात्री सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडून करून घ्यावी.

कोणत्या कामासाठी कोणती पद्धत

• काही दशकांच्या वार्षिक नोंदी, मोजकेच घटक (तालुक्याचे उत्पादन, हंगामी पाऊस) : रिग्रेशन.
• मर्यादा स्पष्ट, निर्णय दोनच (पेरणी करावी की थांबावे, फवारणी करावी की नाही) : साधे वर्गीकरण. कारणही सांगता येते.
• फोटो, उपग्रह चित्रे, दर तासाच्या नोंदी : न्यूरल नेटवर्क, पण स्थानिक पडताळणीसह.

एआय सेवा घेण्यापूर्वी हे प्रश्न विचारावेत

शेतकरी गट, उत्पादक कंपन्या आणि विस्तार कार्यकर्त्यांनी सेवा पुरवठादाराकडून पुढील उत्तरे मागावीत.

१) मॉडेल कोणत्या भागातील, कोणत्या पिकाच्या आणि किती हंगामांच्या नोंदींवर शिकले आहे?
२) त्याची तपासणी शिकवताना न दाखवलेल्या वर्षांवर केली आहे का? त्यात दुष्काळाचे आणि अतिवृष्टीचे वर्ष होते का?
३) साध्या रिग्रेशनपेक्षा किंवा ठोकताळ्यापेक्षा ते किती सरस ठरले?
४) उत्तरासोबत शक्यता सांगितली जाते का? ‘पाऊस येईल’ आणि ‘पावसाची शक्यता ६० टक्के’ यांत निर्णयाच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

या प्रश्नांना उत्तर न देता केवळ ‘९५ टक्के अचूक’ असे सांगितले जात असेल, तर पैसे भरण्यापूर्वी एक हंगाम थांबून तपासावे.

पडताळणी वहीत करावी

ही तपासणी गावातही करता येते. वहीत तीन रकाने आखावेत : तारीख, आलेला अंदाज, प्रत्यक्ष पाऊस. पाऊस शक्यतो गावातील पर्जन्यमापकावर मोजावा.

समजा, तीस दिवसांपैकी दहा दिवस पाऊस पडला. ‘आज पाऊस नाही’ असे रोज म्हणणाराही वीस दिवस बरोबर येतो. ॲप एकवीस दिवस बरोबर आले, तर त्याची सत्तर टक्के अचूकता ऐकायला चांगली वाटते. साध्या ठोकताळ्यापेक्षा फायदा मात्र एकाच दिवसाचा झाला.

केवळ चुका मोजू नयेत, त्यांची किंमतही पाहावी. ‘पाऊस नाही’ म्हटले आणि पाऊस आला, तर फवारणी धुऊन जाते. ‘पाऊस येणार’ म्हटले आणि पेरणीनंतर पंधरा दिवस उघडीप राहिली, तर सोयाबीनचे एकरी २६ ते ३० किलो बियाणे, खत आणि मजुरी वाया जाते. या दुसऱ्या चुका किती वेळा झाल्या, त्यांची वेगळी मोजणी ठेवावी.

दोन हंगामांची अशी वही विस्तार कार्यकर्त्याच्या हाती असेल, तर कोणता संदेश पुढे पाठवायचा आणि कोणता थांबवायचा हे पुराव्यानिशी सांगता येईल. तोपर्यंत पेरणीसाठी ७५ ते १०० मि.मी. पाऊस आणि जमिनीत पुरेशी खोल ओल ही जुनी खूणगाठ सोडू नये. ॲपचा अंदाज तिच्या जोडीला वापरावा.