मुळांवरून चाक जाऊ नये म्हणून

अमेरिकेतल्या कुठल्याही राष्ट्रीय वनातल्या कॅम्पग्राउंडवर गेलं तरी मांडणी ओळखीचीच निघते. फिरून मूळ जागी येणारा अरुंद, एकेरी रस्ता. त्याला तिरकी फुटलेली, एक गाडी मावेल एवढी जागा, आणि तिच्या टोकाला अर्धेअधिक जमिनीत पुरलेले दोन-तीन धोंडे. पलीकडे बाकं जोडलेलं जडशीळ टेबल, शेकोटीसाठी रोवलेलं लोखंडी कडं, तंबूपुरती सपाट जमीन, आणि शेजारचं बिऱ्हाड नजरेआड राहावं इतपत झुडपं. टेबल जरा सावलीत सरकवावं म्हटलं तर हलत नाही. मुक्कामाला आलेल्या माणसाला वाटतं, आपली सोय पाहिली आहे. सोय आहेच, पण हा आराखडा ज्यानं ठरवला त्याचं लक्ष माणसाकडे कमी आणि झाडाकडे जास्त होतं. तो वास्तुविशारद नव्हता, पर्यटन खात्यातलाही नव्हता. तो झाडांच्या रोगांचा तज्ज्ञ होता.

एमिलिओ माइनेके हे त्याचं नाव. अमेरिकेच्या कृषी खात्यात नोकरी, मुक्काम सॅन फ्रान्सिस्को, शिक्षण जर्मनीत. १९२० च्या दशकात फोर्डच्या स्वस्त गाड्यांमुळे कॅलिफोर्नियातली माणसं शनिवार-रविवारी रानात लोटू लागली होती. वाटेल तिथून गाडी आत घालायची, मोठ्यात मोठ्या झाडाच्या बुंध्याशी लावायची आणि तिथेच चूल मांडायची, अशी रीत. पर्यटकांच्या या वर्दळीचा रेडवूडच्या महावृक्षांवर काय परिणाम होतो, हे माइनेकेनं पाहिलं आणि १९२८ मध्ये अहवाल लिहिला. त्यात बुरशी नव्हती की कीड नव्हती. पायांनी आणि चाकांनी माती दाबली जाते, दबलेल्या मातीत हवा आणि पाणी शिरत नाही, आणि वरच्या थरात पसरलेली झाडाची बारीक मुळं उपाशी पडतात. झाड त्या उन्हाळ्यात मरत नाही, काही वर्षांनी मरतं. तोवर गाडी लावणारा विसरलेला असतो आणि झाड कशानं गेलं हे कुणाला कळत नाही.

१९३२ मध्ये त्यानं कॅम्पग्राउंडच्या धोरणाबद्दल एक छोटी पुस्तिका लिहिली. तोवरचा शिरस्ता असा, की एक तळ उजाड झाला की तो सोडायचा आणि पुढे दुसरा उघडायचा. माइनेकेचं म्हणणं, पाणी, सावली आणि सपाटी असलेल्या जागा मोजक्याच असतात. असं सोडत गेलं तर त्या संपतील. मग उपाय काय? माणसं येणारच, हे धरून चालायचं. गाडी सगळ्यांत घातक, म्हणून तिला एकच वाट आणि एकच थांबा द्यायचा. टेबल आणि चूल पक्की बसवली की माणसांची ये-जा त्यांच्याभोवतीच होते. तेवढी माती तुडवली जाते, बाकीची वाचते. सूचनांच्या पाट्यांवर त्याची फारशी भिस्त नव्हती. धोंडा असा पुरायचा की तो तिथलाच वाटावा, म्हणजे गाडीवाल्याला कुणी अडवल्याचा रागही येत नाही. गर्दीला वळण लावण्याची इतकी शहाणी आणि इतकी अबोल रीत मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे.

ज्या खात्यानं ही रीत उचलली, त्या यूएस फॉरेस्ट सर्व्हिसचा जन्म काही सहलींसाठी झालेला नव्हता. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान आणि राष्ट्रीय वन यांत गल्लत होते. यलोस्टोन, योसेमिटी ही उद्यानं इंटीरियर खात्याकडे; तिथे लाकूडतोड नाही. राष्ट्रीय वनं मात्र कृषी खात्याकडे, म्हणजे जंगल हेही एक पीकच. तिथे लाकूड तोडतात, गुरं चारतात, खाणी चालतात, शिकार होते, बर्फावरच्या घसरगुंड्यांची रिसॉर्टंही असतात. १८९१ च्या कायद्यानं वनं राखीव ठेवायला सुरुवात झाली आणि १९०५ मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या कारकिर्दीत ती गिफर्ड पिंचोच्या, म्हणजे या खात्याच्या पहिल्या प्रमुखाच्या, हाती आली. पिंचोचं वनशास्त्र फ्रान्समधल्या नान्सीला झालं, आणि तिथे जायचा सल्ला देणारे त्याचे गुरू होते डिट्रिच ब्रँडिस, म्हणजे १८६४ मध्ये नेमले गेलेले हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक. ब्रह्मदेशातल्या सागाच्या रानात हिशोब घालायला शिकलेला हा जर्मन माणूस निवृत्तीनंतर बॉनमध्ये राहत होता. आपलं वनखातं आणि अमेरिकेचं वनखातं असं एका घराण्यातलं आहे. पुढे वाटा किती फुटल्या ते दिसतंच. आज फॉरेस्ट सर्व्हिसकडे १५४ वनं आणि २० गवताळ प्रदेश मिळून १९.३ कोटी एकर जमीन आहे. महाराष्ट्राच्या अडीचपट.

लोक मात्र खात्याच्या उद्देशाची वाट न पाहता येतच होते. ऑरेगनमध्ये कोलंबिया नदीच्या खोऱ्यात नवा रस्ता झाला, तेव्हा १९१६ मध्ये ईगल क्रीकला खात्यानं टेबलं, शौचालयं असलेला तळ उभारला. सोयींनी सजवलेला खात्याचा पहिला तळ म्हणून तोच सांगितला जातो. (याच ईगल क्रीकच्या वाटेवर २ सप्टेंबर २०१७ ला एका पंधरा वर्षांच्या मुलानं फटाका टाकला आणि सुमारे ४८ हजार एकर रान पेटलं. दीडशेच्या आसपास माणसं डोंगरात अडकून पडली होती.) १९१९ मध्ये आर्थर कारहार्ट हा तरुण प्रांगण-रचनाकार नोकरीला लागला. कोलोराडोतल्या ट्रॅपर्स लेकच्या काठी उन्हाळी बंगल्यांसाठी भूखंड आखून ये, असं त्याला सांगितलं होतं. तो गेला, पाहणी केली आणि परत येऊन म्हणाला, इथे बंगले नकोत, तळ्याभोवती रस्ताही नको. नोकरीत नवा असताना असं सांगायला छाती लागते. वरिष्ठांनी ते मानलं, हे अधिक नवल. त्याच वर्षी डिसेंबरात तो डेन्व्हरमध्ये आल्डो लिओपोल्डला भेटला. लिओपोल्ड तेव्हा याच खात्यात न्यू मेक्सिकोकडे होता. त्याच्या खटपटीनं १९२४ मध्ये हिला वनातला मोठा टापू रस्त्यांवाचून ठेवायचं ठरलं.

कारहार्टनं तळांचे आराखडेही केले, पण संसदेनं करमणुकीसाठी पैसा द्यायला हात आखडता घेतला. सान इसाबेल वनातल्या तळासाठी जवळच्या प्वेब्लो शहरातल्या नागरिकांनी संस्था काढून वर्गणी जमवली. शेवटी १९२२ अखेर कारहार्ट वैतागून नोकरी सोडून गेला.

पैसा आला तो मंदीमुळे. १९३३ मध्ये धाकट्या रूझवेल्टनं बेकार तरुणांसाठी ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ काढलं. त्याची पहिली छावणी व्हर्जिनियातल्या जॉर्ज वॉशिंग्टन वनात पडली. महिना तीस डॉलर पगार, त्यातले पंचवीस परस्पर घरी. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुण या कामावरून गेले. काळ्या मुलांना मात्र पुढे वेगळ्या छावण्यांत ठेवलं गेलं. माइनेकेची पुस्तिका तयार होती, हात तयार होते. ओंडक्यांचे निवारे, दगडी चुली, वळणदार रस्ते, यातलं बरंच आज नव्वद वर्षांनीही वापरात आहे.

करमणूक हे वनांचं एक अधिकृत काम आहे, असं कायद्यात यायला १९६० उजाडलं. त्या कायद्यात पाच कामं सांगितली आहेत आणि बाहेरची करमणूक त्यांत पहिली येते. त्यानं हुरळायचं कारण नाही. यादी इंग्रजी वर्णानुक्रमानं लावलेली आहे, कुणाला अधिकउणं वाटू नये म्हणून.

तळाबद्दल बोलताना शौचालय वगळणं हा लेखकांचा जुना भित्रेपणा. रानात नळ नाही, गटार नाही. असतो तो जमिनीखाली हौद, आणि त्याची दुर्गंधी. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिमासला खात्याचं एक तंत्रकेंद्र आहे. तिथल्या अभियंत्यांनी या प्रश्नावर गांभीर्यानं काम केलं आणि जे शौचालय घडवलं त्याला सरळ ‘स्वीट स्मेलिंग टॉयलेट’ म्हटलं. वीज नाही, पंखा नाही. हौदातून निघणारा जाड काळा नळ छपराच्या सर्वांत उंच भागाच्याही वर न्यायचा. तो उन्हानं तापतो, आतली हवा हलकी होऊन वर चढते, वरून जाणारा वारा तिला आणखी ओढतो. मग खोलीतली ताजी हवा बैठकीच्या भोकातून खाली खेचली जाते, आणि वास वर यायच्या ऐवजी नळातून आकाशात जातो. त्यासाठी नळावर सावली पडता कामा नये, आणि इमारतीचं तोंड वाऱ्याचा कल पाहून ठेवावं लागतं.

पायवाटांची गोष्ट तळांहून जुनी. खातं येण्याआधी वाटा होत्याच. आयडाहोतली लोलो वाट नेझ पर्स लोकांची; १८०५ मध्ये लुईस आणि क्लार्क तिच्यावरून गेले. खात्यानं स्वतः वाटा पाडल्या त्या फिरस्त्यांसाठी नव्हेत, आगीसाठी. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो-मोंटानात दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर रान जळालं. वॉलेस गावाजवळ एड पुलास्की नावाच्या रेंजरनं आपली चाळीसेक माणसं एका सोडून दिलेल्या खाणीच्या बोगद्यात घातली आणि बाहेर पळू पाहणाऱ्यांना पिस्तूल दाखवून आत ठेवलं. बहुतेक जगले. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीचं आडवं पातं असलेलं हत्यार आज त्याच्याच नावानं ओळखलं जातं, आणि वाटेवर काम करणाऱ्या प्रत्येक टोळीकडे ते असतं. त्या वणव्यानंतर खात्यानं आगीशी वैर धरलं. धुराच्या जागी माणूस लवकर पोहोचावा म्हणून डोंगराडोंगरातून वाटा काढल्या, टेहळणीच्या चौक्या बांधल्या. आज हौशी लोक पाठीवर पिशवी घेऊन चालतात त्या कित्येक वाटा या वणव्यांच्या भीतीतून आलेल्या आहेत.

वाटेचा शत्रू पाणी. पावसाळ्यात राजगडाची किंवा हरिश्चंद्रगडाची चढण उतरलेल्याला हे समजावून सांगायला नको. उतारावरून सरळ वर नेलेली वाट दोन-चार वर्षांत ओहोळ होते. म्हणून वाट उताराला आडवी, हलक्या चढानं न्यायची. तिची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवर न धावता ओलांडून जातं. मध्येमध्ये पाण्याला बाहेर काढणारे खोलगट उतार करायचे, जुने आडवे ओंडके आणि दगड उकरून त्यांच्यामागचा गाळ काढायचा. बरं झालं तर काम दिसत नाही. चालणाऱ्याला वाटतं, वाट आपोआपच बरी आहे.

दरवर्षी हिवाळ्यात वाटेवर झाडं पडतात, ती वेगळीच. १९६४ च्या कायद्यानं ज्या टापूंना ‘विल्डरनेस’ ठरवलं तिथे मोटार नाही, सायकल नाही आणि पेट्रोलवर चालणारी करवतही नाही. तिथे दोघांनी ओढायची लांब करवतच चालवावी लागते, आणि ती कला लोप पावता पावता या कायद्यामुळे टिकली. या करवतीला दोन तऱ्हेचे दात: काही लाकडाचे तंतू दोन्हीकडून कापतात, काही मधला कापलेला भाग खरवडून बाहेर काढतात. नीट धार लावलेली असली तर भुसा पडत नाही, शेवयांसारखे लांब तंतू पडतात. नियम एकच: आपल्याकडे ओढायचं, समोर कधी ढकलायचं नाही, ढकललं की पातं वाकतं. जुन्या कारखान्यांची पाती पाठीकडे पातळ होत जाणारी घासलेली असतात, म्हणून जाणकार आजही शंभर वर्षांपूर्वीची करवत हुडकून काढतात. हे सगळं सामान आत न्यायचं खेचरांच्या पाठीवर. मोंटानातल्या नाइनमाइलला १९३० मध्ये खात्यानं खेचरांचा तळ काढला, तिथे अजून खेचरं आहेत.

आता पैशाचं. खात्याच्या वाटा आहेत सुमारे १,५८,००० मैल. संसदेच्या हिशोबतपासनीसांनी २०१३ मध्ये सांगितलं, की यातली जेमतेम एक चतुर्थांश लांबी खात्याच्या स्वतःच्या निकषांना उतरते आणि रखडलेल्या दुरुस्तीची रक्कम ३१ कोटी डॉलरच्या वर गेली आहे. कारण शोधायला लांब जायला नको. १९९५ मध्ये खात्याच्या खर्चातला १६ टक्के आगीवर जात होता; २०१५ मध्ये निम्म्याहून अधिक. ज्या आगीसाठी वाटा झाल्या, तिनंच वाटांचा पैसा खाल्ला. २०२० च्या कायद्यानं रखडलेल्या कामांसाठी पाच वर्षं वेगळा निधी मिळाला, तो तळांना, रस्त्यांना, पुलांना आणि वाटांनाही थोडा लागला.

तळाचं एक बरं, की तो कमावतो. लोखंडी नळकांड्यात लिफाफा टाकून पैसे भरायची जुनी पद्धत अजून कुठेकुठे आहे. बाकी सगळं ऑनलाइन. लोकप्रिय तळांचं आरक्षण बहुधा सहा महिने आधी खुलतं. त्या सकाळी सिॲटल, सॅन होजेकडची आपली मराठी मंडळीही बाकीच्यांसारखीच घड्याळाकडे डोळे लावून बसलेली असतात, लाँग वीकेंडसाठी. पायवाटेला मात्र दार नाही. २००४ च्या शुल्क-कायद्यानं तर काही सोयी असतील तिथेच नेहमीचं शुल्क घ्यायला परवानगी दिली: गाडीतळ, शौचालय, कचरापेटी, माहितीफलक, टेबल आणि सुरक्षा, अशा सहा. नुसत्या चालणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. तत्त्व म्हणून मला हे पटतं. सार्वजनिक जमिनीवर पाऊल टाकायला दाम लागू नये. पण त्याचा अर्थ असा, की शौचालयाला उत्पन्न आहे आणि वाटेला नाही.

मग वाटा साफ करतात कोण? बऱ्याच अंशी स्वयंसेवक. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल २,६५० मैलांची. तिची संघटना आहे. घोडेस्वारांच्या संघटना आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, सुट्टीतले विद्यार्थी आहेत. राष्ट्रीय वनात करवत हाती धरायची तर स्वयंसेवकालाही प्रमाणपत्र लागतं, प्रथमोपचार यावे लागतात, आणि दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा. ही व्यवस्था सांभाळायला, खेचरं ठेवायला, कुठल्या दरीत काय पडलंय ते ठाऊक असायला पगारी माणूस लागतोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनं फॉरेस्ट सर्व्हिसमधल्या हजारो परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढलं. मार्चमध्ये एका मंडळाच्या आदेशानं पंचेचाळीस दिवसांसाठी त्यांना परत घ्यावं लागलं. त्यांच्यात वाटांवरच्या टोळ्यांतली माणसं बरीच होती, आणि पहाडात बर्फ वितळून वाटांचा हंगाम सुरू होतो तो त्याच्या पुढच्याच महिन्यांत.