कोणता इलाज, कोणत्या कामासाठी?

वऱ्हाडात वेचणीच्या सुरुवातीची सीतादहीची पूजा झाली, पहिला कापूस घरात आला, की पाठोपाठ कंबरा दवाखान्यात येऊ लागतात. अकोल्यातल्या एका फिजिओथेरपी विभागात मी कापसाच्या हंगामात बसून होते. बाहेरच्या बाकांवर बहुतेक बायाच होत्या. कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाची मान. जवळजवळ प्रत्येकीजवळ एक पिशवी होती आणि त्या पिशवीत आजवरच्या इलाजांचा सगळा इतिहास होता: गोळ्यांच्या अर्धवट संपलेल्या पट्ट्या, तेलाची बाटली, कमरेचा पट्टा, एमआरआयचा मोठा लिफाफा.

इलाजांची कमतरता नाही, हे ती पिशवीच सांगते. उसण भरली तर पायाळू माणसाची लाथ घ्यायची, हे गावात अजून सांगितलं जातं. मालिशवाला आहे, हाड बसवणारा आहे, सुई टोचून देणारा डॉक्टर आहे. पंचकर्म आहे, शेक आणि करंट देणारी केंद्रं आहेत, ऑपरेशन आहे. अडचण निवडीची आहे. दुखऱ्या माणसाला कुणी सगळे रस्ते एका वेळी दाखवत नाही. जो दवाखाना आधी भेटतो, तोच रस्ता धरला जातो. ही निवड कशी करावी, ते मला तिथल्या थेरपिस्ट बाईंच्या कामात दिसलं.

बार्शीटाकळीकडच्या एक काकू आत आल्या. वय पन्नाशीचं. वर्षभरापासून कंबर दुखते, कळ मांडीपर्यंत उतरते. त्यांनी आधी लिफाफा पुढे केला. "हे पाहा मॅडम, मणक्यात ग्याप हाये म्हनते. गादी सरकली म्हनते. मले तं आता वाकाचंच भेव वाटते."

थेरपिस्ट बाईंनी लिफाफा घेतला, अहवाल वाचला आणि बाजूला ठेवला. मग विचारपूस सुरू झाली. लघवी-संडासवरचा ताबा सुटतो का? बसायच्या जागी बधिरपणा येतो का? संध्याकाळचा ताप येतो का, वजन उतरलं का? आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आहे, त्यामुळे ताप आणि वजनाचा प्रश्न कधीच सुटता कामा नये. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का? यातल्या एकाही प्रश्नाला "हो" आलं असतं, तर व्यायाम तिथेच थांबला असता आणि काकूंना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं असतं. सगळी उत्तरं "नाही" आली.

मग हातांचं काम सुरू झालं. टाचांवर चालून दाखवा, आता चवड्यांवर. पायाचा अंगठा माझ्या बोटाविरुद्ध वर दाबा. उताणं झोपवून एकेक पाय सरळ उचलून पाहिला. गुडघ्याखाली हातोडीची हलकी टिचकी मारली. ताकद दोन्हीकडे सारखी निघाली. म्हणजे नस दबून पाय लुळा पडत असल्याची खूण नव्हती.

त्यानंतर उभ्यानं पुढे वाकायला सांगितलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: कळ कुठे आहे? ती मांडीत वाढली. मग काकूंना पालथं झोपवलं, कोपरांवर छाती उचलायला लावली, थोड्या वेळानं तळहातांवर. कंबर पलंगाला टेकलेली, श्वास सुटा. काकू काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मांडीतली कळ कमी झाली वं. आता कमरेतच रायली."

पसरलेली कळ अशी कमरेकडे परत येणं ही चांगली खूण मानतात. अशा माणसाला व्यायामाचा गुण येण्याची आशा जास्त असते. ही तपासणी एमआरआयच्या फोटोत होत नाही. तिला एक पलंग लागतो, वेळ लागतो आणि विचारत राहणारं माणूस लागतं.

लिफाफा का बाजूला ठेवला? 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 33 अभ्यासांमधल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांचे मणक्याचे फोटो एकत्र पाहिले गेले. पन्नाशीच्या लोकांत सुमारे 80 टक्क्यांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि 60 टक्क्यांच्या फुगलेल्या. ही सगळी माणसं दुखण्याशिवाय जगत होती. मणक्यांची झीज वयाबरोबर येते, केस पांढरे होतात तशी. फोटोत दिसलेली झीज हेच दुखण्याचं कारण, असं धरून चाललं की माणूस वाकायला भितो. भीतीनं हालचाल थांबते, स्नायू कमजोर होतात आणि दुखणं मुक्कामाला राहतं. "गादी सरकली" या दोन शब्दांनी काकूंचं वाकणं बंद केलं होतं.

काकूंनी मग तो प्रश्न विचारला, जो तिथे बहुतेक जण विचारतात. "करंट नाही लावत का मॅडम? मांगच्या वेळी त्या दवाखान्यात मशीन लावे."

"लावता येते काकू. लावल्यावर बरं वाटलं होतं का?"

"घरी येईपर्यंत वाटे."

हे उत्तर नीट ऐकण्यासारखं आहे. डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाचा कार्यक्रम, दुखण्याबद्दल समजावून सांगणं, मालिश आणि हातानं करायचे काही उपचार, मनाच्या ताणावर काम करणं आणि गरजेपुरती दाह कमी करणारी औषधं यांना जागा आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून कंबर ताणणं, अल्ट्रासाउंड आणि करंटचं टेन्स मशीन नेहमीच्या उपचारात वापरू नये, असं त्याच सूचना सांगतात. आपल्याकडे मात्र सगळ्यात आधी पट्टा मिळतो, मग मशीन. व्यायामाचा कागद शेवटी घडी घालून हातात दिला जातो. क्रम नेमका उलटा आहे.

मालिशला मी नावं ठेवणार नाही. शेकलेल्या, चोळलेल्या कमरेला आराम पडतो आणि त्या आरामात माणूस हलायला तयार होतो, एवढं काम तिनं केलं तरी पुरे. पण मार लागून हाड मोडलं असेल तर प्रश्न वेगळा. तिथे एक्स-रेच्या आधी कुणाच्याही हातात हात देऊ नये. बांबूच्या कांबीनं करकचून बांधलेल्या हातापायाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि तो अवयव कायमचा जाऊ शकतो.

यानंतर बाईंनी जे विचारलं, त्यावर माझ्या मते सगळा इलाज उभा आहे. "काकू, तुम्हाला काय करता आलं पाहिजे?"

काकूंना प्रश्न कळला नाही. दुखणं जायला पाहिजे, म्हणाल्या. ते तर आहेच, पण काम कोणतं? मग सगळं बाहेर आलं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. खालची बोंडं वेचायला वाकावं लागतं. कमरेची ओटी भरत जाते तसा भार पुढे लोंबतो. शेवटी गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्यावर न्यायचं. घरी पुन्हा चूल आणि पाणी.

मग व्यायाम त्या कामातूनच निघाले. एक काठी पाठीला लावली: डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेली. काठी कुठेही न सुटता कुल्ल्यातून वाकायचं. पहिल्या खेपेला काठी माकडहाडावरून सुटली, दुसऱ्यांदा डोक्यावरून. नंतर एकदा तिन्ही जागी टिकली आणि मांडीमागचे स्नायू ताणले गेल्याचं काकूंना स्वतःला कळलं. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. मग रिकामी पिशवी कमरेला बांधून तीच हालचाल, नंतर पिशवीत थोडं वजन. शेतासाठी वेगळं सांगणं: ओटी अर्धी झाली की रिकामी करा. कपाशीची एक ओळ संपली की कमरेवर हात ठेवून मागे वाका. रोज थोडं चाला.

किती करायचं, हा प्रश्न त्यातला अवघड भाग. पेरणीला वाफसा पाहावा लागतो. चिखलात जाऊन चालत नाही आणि जमीन टणक होईपर्यंत थांबूनही चालत नाही. व्यायामाचं माप तसंच काढतात. करताना थोडं दुखलं आणि रात्रीतून उतरलं, तर माप बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं चढलेलं असेल, तर माप कमी करायचं. व्यायाम सोडायचा नाही.

त्याच सकाळी एक ट्रकचालक आले होते. दुखणं कमरेचंच. ते ज्यावर गाडी चालवत, तो अकोला-अमरावती रस्ता वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी बदनाम होता. जून 2022 मध्ये त्याचा 75 किलोमीटरचा पट्टा 105 तासांत टाकला गेला आणि त्याचं नाव गिनीज बुकात गेलं. पण त्याआधीच्या रस्त्यांवरची वर्षं कंबर विसरत नाही. गाडीचे धक्के आणि तासन्‌तास बसणं कमरेला बाधतं, हे चालकांच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. त्यांना काकूंचा कागद दिला नाही. त्यांना वाकणं शिकायचं नव्हतं, बसणं तोडायचं होतं. ठरावीक अंतरावर उतरून चालणं, सीट पुढे घेणं, कुल्ल्यांची आणि पाठीची ताकद वाढवणं. दुखणं एकाच जागेचं असलं तरी कामं दोन होती, म्हणून इलाजही दोन झाले.

अमरावतीत ही निवड वेगळ्या रूपात भेटते. 1914 साली सुरू झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे या गावाला मैदानाची सवय आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे भारतीय खेळ दाखवले होते. अशा गावात गुडघ्याचं लिगामेंट तुटलेला तरुण भेटणं नवलाचं नाही. मला भेटलेला मुलगा कबड्डी खेळणारा होता. त्याचा प्रश्न सरळ होता: ऑपरेशन की व्यायाम?

स्वीडनमध्ये 121 तरुणांवर झालेला, 2010 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. काहींचं लिगामेंट लगेच बसवलं आणि मग व्यायाम दिला. बाकीच्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच चालत होते, आणि दुसऱ्या गटातल्या जवळजवळ निम्म्या मुलांना ऑपरेशन लागलंच नाही. पण पळताना अचानक वळणं, अंग चुकवणं हाच ज्याचा खेळ, आणि व्यायामानंतरही ज्याचा गुडघा निसटतो, त्याला ऑपरेशन लागू शकतं. म्हणून त्या मुलालाही तोच प्रश्न विचारला गेला: तुला काय करायचं आहे? शेत आणि मोटारसायकल, की पुन्हा चढाई? त्यानं चढाई सांगितली. मग एका पायावर बसणं, एका पायावर उडी आणि तिचं अंतर दुसऱ्या पायाशी ताडून पाहणं. दुखरा पाय चांगल्याच्या 90 टक्क्यांपर्यंत येईस्तोवर मैदान बंद. ऑपरेशन करून घेणाऱ्यालाही या पायऱ्या चुकत नाहीत.

याच अमरावतीत तपोवन आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी ते कुष्ठरुग्णांसाठी उभं केलं. 1959 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कुष्ठरोगानं बधिर झालेल्या हाताला चटका कळत नाही, काच लागलेली कळत नाही, आणि म्हणूनच बोटं जातात. दुखणं शरीराचा राखणदार आहे, हे तिथे उमगतं. तपोवनानं आणखी एक गोष्ट दाखवली: औषधानं रोग थांबतो, पण माणूस उभा राहतो तो हाताला काम मिळाल्यावर. पुनर्वसन या शब्दात काम धरलेलं आहे. कबड्डीच्या गुडघ्यालाही तेच लागू आहे आणि कापूस वेचणाऱ्या कमरेलाही.

तेव्हा इलाज निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात, असं मला वाटतं. धोक्याच्या खुणा तपासल्या का? हा इलाज संपल्यावर मला स्वतःला काय करता येईल? आणि मी जे काम करते, त्याबद्दल कुणी विचारलं का? तिन्ही प्रश्नांची नीट उत्तरं देणारा माणूस आयुर्वेदाचा असो, ऑर्थोपेडिकचा असो की फिजिओथेरपीचा, त्याच्याकडे जावं. नुसतं "रोज या, मशीन लावू" म्हणणाऱ्याकडे जाताना दहादा विचार करावा.

काकूंच्या बाबतीत चौथी गोष्टही पुढे आली. ओटी अर्धी असताना रिकामी केली, तर दिवसाचा कापूस कमी भरतो आणि मजुरी घटते. बाईंनी बाहेर बसलेल्या त्यांच्या मुलाला आत बोलावलं. पुढचे काही आठवडे गाठोडं तो उचलेल, पाणी तो भरेल, असं तिथेच ठरलं. ते कागदावर व्यायामांच्या खाली लिहिलंही गेलं. मला तो इलाजाचाच भाग वाटला. घरातल्या बाईची कंबर दुखते तेव्हा आपण तिला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडतो आणि बाहेर थांबतो. आत जावं, ऐकावं, तिच्या वाट्याचं कोणतं काम आपण घेऊ शकतो ते तिथेच सांगावं. व्यायाम तिनं करायचा आहे. तो करायला वेळ आणि मोकळीक देणं घरच्यांच्या हातात आहे.