दिव्याचाही उतारा पाहा



गळीत सुरू झाले की आपला पहिला प्रश्न असतो, उतारा किती पडला? एका टन उसातून साखर किती निघाली, यावर आपल्या कष्टाचे मोल ठरते. घरातल्या दिव्याला मात्र हा प्रश्न आपण विचारत नाही.

जुन्या पिवळ्या बल्बचा उतारा फार वाईट. आतली तार तापून लालभडक झाल्याशिवाय तो उजेड देत नाही. शंभर भाग विजेतले जेमतेम पाच भाग उजेडाचे, बाकी सगळी धग. बल्बला हात लागला की चटका बसतो ना, ती आपल्याच पैशाची धग! एल.ई.डी. दिव्यात तापणारी तार नसते. त्यातल्या बारीक चकतीतून वीज गेली की सरळ उजेडच निघतो. म्हणून ६० वॅटच्या बल्बचे काम ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा करतो.

आता हिशेब मांडू. तिरोडा तालुक्यातले आपले चोरखमारा घ्या. समजा, एका घरात सपरी, माजघर, स्वयंपाकघर आणि गुरांचा कोठा मिळून ६० वॅटचे चार बल्ब रोज पाच तास जळतात. महिन्याला ३६ युनिट झाले. तेच चार दिवे ९ वॅटचे लावले तर साडेपाच युनिटसुद्धा होत नाहीत. म्हणजे ३० युनिट वाचले. नागझिऱ्याचे जंगल लागून असल्याने कोणी अंगणातला बल्ब रात्रभर ठेवतो. बारा तासांच्या हिशेबाने तो एकटाच महिन्याला साडेएकवीस युनिट खातो. एल.ई.डी. सव्वातीन युनिटांत भागवतो.

यात आणखी एक गोम आहे. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि त्यापुढचा बराच जास्त असतो. ज्याचे १२० युनिट होतात, त्याचे ९० वर आले तर आधी महागातले २० युनिट सुटतात. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला सरकारने मोफत वीज दिली, पण घरच्या मीटरला ती सवलत लागू नाही. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे वीज केंद्र आहे खरे, पण उशाशी वीज तयार होते म्हणून आपले बिल काही कमी येत नाही.

दिवा महाग असतो, ही तक्रार आता जुनी झाली. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना आली. सरकारी कंपनीने ठोक खरेदी केली, तेव्हा ३१० रुपयांचा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. २०२१ च्या ‘ग्राम उजाला’त नागपूरकडच्या खेड्यांत जुना बल्ब देऊन दहा रुपयांत नवा मिळाला. ती योजना आता नाही, पण बाजारातला चांगला दिवाही काही महिन्यांच्या बचतीत फिटतो.

घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. बाजाराच्या दिवशी ढिगातला बिनछापाचा स्वस्त दिवा घेऊ नका. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ताऱ्यांची पट्टी पाहा, हमी किती वर्षांची ते विचारा आणि पावती जपून ठेवा. नुसता वॅट पाहू नका, ल्युमेनही पाहा. ल्युमेन म्हणजे उजेडाचे माप. नऊ वॅटला ८०० च्या पुढे असावे. बंद काचेच्या हंडीत दिवा कोंडू नका. एल.ई.डी.लाही थोडी उष्णता सुटते आणि ती कोंडली तर आतले यंत्र लवकर जाते.

सगळे दिवे एकदम बदलायला पाहिजेत असे नाही. कोणता दिवा सगळ्यात जास्त वेळ जळतो, हे घरातल्या बायकांना बरोबर माहीत असते. त्यांना विचारा आणि तोच आधी बदला. पहाटे चुलीपाशी आणि रात्री पोरांच्या पुस्तकावर चांगला उजेड पडला पाहिजे, तिथे काटकसर नको. मग मागचे बिल आणि पुढचे बिल शेजारी ठेवा आणि युनिटांचा आकडा स्वतः ताडून पाहा.